काळ्या गाळाचे तीन खड्डे

इंद्रभान पडघानला एका जागी बसणं कधी जमलंच नव्हतं, पण अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तर त्याच्या पायांना भिंगरीच लागली होती. वाशीमच्या कॉलेजात तो प्रयोगशाळेत नोकरीला होता. पदवी रसायनशास्त्राची आणि काम बाटल्या धुण्याचं. शनिवारची शेवटची बाटली पालथी घातली की तो जो सुटायचा तो थेट एसटी स्टँडवर. शेलूबाजारची गाडी लागेपर्यंत स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. एकदा बाकावरची एक म्हातारी वैतागून म्हणाली, "बस ना गा बापा एका जागी. तुले पाहून मलेच घेरी येऊन राह्यली."

या सगळ्या धावपळीच्या मुळाशी होती एक विहीर.

शेलूबाजारहून दीड कोस चाललं की टाकळझरी. गावाची विहीर वेशीच्या आत, पाराजवळ. बौद्धपुऱ्याची विहीर बाहेर, नाल्याकाठी. छप्पन सालापर्यंत ही दुसरी विहीर नव्हतीच. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन गावविहिरीच्या पायऱ्यांखाली उभ्या राहायच्या, आणि वरच्या कुणाला सवड झाली, दया आली, की ती वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायची. सवड कधी घटकाभरात व्हायची, कधी दुपार टळून जायची. दीक्षा घेतली त्या वर्षी इंद्रभानची आई सोजरबाई भर बैठकीत उठून म्हणाली, "मेलेलं ढोर ओढनं सोडलं ना? मंग हे उभं राहनं बी सोडा." बत्तीस घरांनी चार महिने खणून स्वतःची विहीर काढली. सोजरबाईनं डोक्यावरून मुरूम वाहिला. तेव्हापासून एकवीस वर्षं तिनं गावविहिरीचं तोंड पाहिलं नव्हतं. बाजाराला जायचं तरी ती नाल्याकडून वळसा घालून जायची.

तिला आणखी एक वेड होतं, ते स्वच्छतेचं. लहानपणापासून 'घाण' हा शब्द तिनं स्वतःच्या अंगावर झेललेला. त्यामुळे तिच्या अंगणात वाळलेलं पानही टिकत नसे. पितळी तांब्या राखेनं इतका घासलेला असे की पाहुणा त्यात तोंड पाहून घेई. वस्तीतल्या बायका तिला मागून 'झाडूवाली मास्तरीण' म्हणत आणि समोर मात्र आपापली अंगणं निमूट झाडत.

त्या विहिरीच्या वाट्याला दौलतसिंग आला. नाल्याच्या वरच्या अंगाला, सडकेला लागून त्यानं चकाकी चढवण्याचा कारखाना काढला. सायकलींची हँडलं, मोटारसायकलचे मडगार्ड, पानाचे डबे तिथं गंजके जायचे आणि आरशासारखे बाहेर यायचे. ही चकाकी क्रोमची. हौदातलं क्रोमचं पिवळं पाणी वापरून संपलं की कारखान्याच्या मोरीतून नाल्यात. दोन वर्षांत नाल्याचं पाणी हळदीच्या हातांसारखं पिवळं पडलं. मग विहिरीला त्याची झाक आली. नाल्यात धुणं धुणाऱ्या रुखमाबाईच्या पायांना चट्टे उठले, ते बरे होईनात. पोरांच्या तोंडात फोड येऊ लागले. तीन शेळ्या गाभडल्या.

इंद्रभान दौलतसिंगकडे गेला. दौलतसिंग काही राक्षस नव्हता. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, अकरा मानसं कामाले हायेत. त्यातले चार तुमच्याच पुऱ्यातले. बंद करू काय, सांग. नाल्यात तुले काय करायचं ते कर, मी आडवा येनार नाई." एवढं बोलून त्यानं विषय बशीतल्या चहाबरोबर पिऊन टाकला.

नाल्यात काय करायचं हे इंद्रभानला योगायोगानंच कळलं होतं. प्रयोगशाळेत उरलेलं क्रोमचं पिवळंजर्द द्रावण तो मागच्या शोषखड्ड्यात ओतायचा. त्याच खड्ड्यात वसतिगृहाची पेज, कुजका पाला आणि खरकटं पाणी जायचं. दिवाळीच्या सुटीनंतर त्यानं पाहिलं तर खड्डा काळा, दुर्गंध नाकात जाणारा, पण वरच्या पाण्यात पिवळ्याचा मागमूस नाही. त्याला चैन पडेना. प्रयोगशाळेत एक औषध असतं. पाण्यात आधी आम्लाचा थेंब आणि मग याचे दोन थेंब टाकले की विषारी क्रोम असेल तर पाणी जांभळं होतं. खड्ड्यातलं पाणी जांभळं झालं नाही. त्यानं पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा नाही.

तो धावत प्राध्यापकांकडे गेला. प्राध्यापकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "गाळात असे जंतू असतात, पडघान. हवा मिळाली नाही की ते असल्या गोष्टींवर श्वास भागवतात. बाहेरदेशी कुणी कुणी यावर काम करतंय म्हणे. तुम्ही बाटल्या झाल्या का धुवून?"

बाटल्या झाल्या होत्या. पण इंद्रभानच्या डोक्यात आता जंतूंनी घर केलं. आपल्या डोळ्यांना न दिसणारे हे जीव, त्यांना फक्त खायला शेण-काडी आणि वरून झाकण पाहिजे. मग ते पिवळ्या विषाची नांगी मोडून त्याला गाळात बसवतात. विष नाहीसं होत नाही, गाळातच राहतं, पण पाण्यातून उतरतं. नाल्यावर असे खड्डे केले, पाणी त्यात आठ-दहा दिवस थोपवून पुढे सोडलं, तर विहिरीपर्यंत पिवळं पोचणारच नाही.

हे वस्तीला सांगायचं कसं, इथं मात्र त्याची गाडी अडली.

विहाराच्या भिंतीवर आरोग्य खात्याचं चित्र होतं. त्यात काळा, केसाळ, दात विचकलेला जंतू आणि खाली मोठ्या अक्षरांत त्याला मारण्याचा हुकूम. सोजरबाई रोज त्या चित्राखालची जागा झाडायची. तिला जाऊन सांगायचं, माय, आपल्या विहिरीच्या वर तीन खड्डे खणू, त्यात शेण कुजवू, ते काळं होऊन घाण मारेल, आणि त्यात आपण जंतू पाळू? इंद्रभाननं मनातल्या मनात हे वाक्य दहा वेळा म्हणून पाहिलं आणि दहाही वेळा आईचा चेहरा समोर आला. तिला काय कळणार, असं त्यानं ठरवून टाकलं. शिकलेल्या माणसाला हे ठरवणं फार सोपं जातं.

मग त्यानं एक निळी बाटली आणली. तीत पाणी आणि विहिरीत टाकतात त्या लाल दव्याची चिमूट. मार्चमध्ये तीन खड्डे खणून झाले. शेण, मळणीतून उरलेलं तुरीचं कुटार, सडका गूळ भरून झालं. सगळी वस्ती काठावर जमली तेव्हा त्यानं मोठ्या गंभीरपणे प्रत्येक खड्ड्यात त्या बाटलीतले थेंब टाकले.

"हे काय व्हय?" जगदेवमामांनी विचारलं. जगदेवमामा विहाराचे कारभारी, वस्तीतलं वडीलधारं माणूस. सख्खे मामा नव्हेत, पण अख्खी तरणी वस्ती त्यांना मामाच म्हणायची.

"औषध हाय मामा. सरकारी."

"आन् शेन कायले?"

"औषधाचा खुराक हाय तो."

सोजरबाईनं पदर नाकाला लावला. "वास येनार नाई ना रे, इंद्रभान?"

"थोडा येईन. औषधाचा वास त येतेच, माय."

 तिच्या भुवया जवळ आल्या होत्या. ते पाहूनही इंद्रभाननं बाटलीला बूच लावून ती खिशात टाकली.

त्यानंतरचे दोन महिने त्याचा सगळा जीव त्या खड्ड्यांत अडकला होता. शनिवारी आला की सामान ओट्यावर फेकून आधी खड्ड्यांकडे. पहिला खड्डा पिवळट, दुसरा राखाडी, तिसरा काळा कुळकुळीत. काठीनं ढवळून बघ, वास घे, विहिरीच्या पाण्यानं काचनळी भर, थेंब टाक. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काचेतलं पाणी गडद जांभळं झालं. दुसऱ्यात वांग्याच्या फुलाइतकं फिकं. मे उजाडला आणि दोन थेंबांनंतर काचेत काहीच झालं नाही. त्यानं काच उन्हात धरली, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिली, पुन्हा भरली. काही नाही. आनंदानं त्याला रडूच फुटलं. आसपास कोणी नाही असं बघून त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

रुखमाबाईचे पाय बरे होऊ लागले. पण तिसरा खड्डा आता असा घमघमत होता की वाऱ्याची दिशा फिरली की चुलीपुढचं जेवण उठून आत न्यावं लागे. गावाकडचे लोक सडकेवरून जाताना नाक दाबत. एकदा उकंडराव पाटील थांबून हसत म्हणाले, "काहो सोजरबाई, सोडली म्हनं तुमी घान. मंग हे काय व्हय?" पाटील स्वभावानं वाईट नव्हते, पण तो टोमणा सोजरबाईच्या वर्मी लागला. तिनं तो मुलाला सांगितला नाही, जगदेवमामांनाही नाही. मनात ठेवला आणि त्यावर रोज झाडू फिरवत राहिली.

मेच्या मध्यात बातमी आली. शेजारच्या गावात हगवणीची साथ लागली होती, म्हणून पावसाळ्याआधी आरोग्य खात्याचे साहेब सगळ्या विहिरी तपासणार होते. चांगल्या विहिरीवर 'पिण्यायोग्य' असं पांढऱ्यात लिहिणार, वाईट विहिरीवर लाल फुली मारून तिला कुलूपबंद फळ्या ठोकणार. टाकळझरीचा वार गुरुवार.

इंद्रभानच्या दृष्टीनं हा दिवस म्हणजे लग्नाचा मुहूर्तच. साहेबांना खड्डे दाखवायचे, थेंब टाकून दाखवायचे, कागदावर लिहून घ्यायचं. कॉलेजात परीक्षा चालू असल्यानं मधल्या रविवारी त्याला गावी जाता आलं नाही. गुरुवारची रजा त्यानं हातापाया पडून मिळवली. पहाटेची पहिली गाडी चिखलीच्या फाट्याला पंक्चर झाली, तेव्हा तो ड्रायव्हरच्या आधी खाली उतरून जॅक शोधायला लागला. शेलूबाजारला उतरला आणि दीड कोस जवळजवळ पळतच आला.

नाल्याशी पोचला आणि जागीच थांबला.

तिन्ही खड्डे पांढरेशुभ्र होते. तळापासून काठापर्यंत चुना दिलेला, कडेला गेरूची रेघ ओढलेली. गाळाचा कण नाही, शेणाची काडी नाही. वरच्या खड्ड्यातून पिवळं पाणी चुन्यावरून खळखळत दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिथून सरळ विहिरीच्या बाजूला वाहत होतं. हवेत ब्लीचिंग पावडरचा वास होता.

सोजरबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून काठावर उभी होती. हातांना चुन्यानं भेगा पडल्या होत्या. चेहऱ्यावर असं समाधान की इंद्रभाननं ते कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"पाह्यलं काय?" ती म्हणाली. "चार दिस लागले बायायले. औषध तं कवाचंच सडलं होतं तुयं. निरा काळं पडलं होतं. म्हटलं, साहेब पयल्यांदा आपल्या दारी येऊन राह्यले, तेयले हे दाखवाचं काय? विहीर बी उपसली. तळाचा गाळ काढला. आता कोन म्हनते घान, पाहू दे."

 विहीर उपसली म्हणजे रिकाम्या विहिरीनं नाल्याचं पाणी ओढून घेतलं असणार. इंद्रभान विहिरीच्या काठाशी गेला, बादली सोडली, काच भरली. पाणी दिसायला स्वच्छ होतं, नितळ. त्यानं आम्लाचा थेंब टाकला, मग औषधाचे दोन.

काच जांभळी झाली.

त्यानं ती पाठीमागे लपवली, का ते त्यालाही कळलं नाही. तेवढ्यात सडकेवर जीपचा हॉर्न वाजला.

साहेब तरुण होते, घामेजलेले होते, आणि सकाळपासून सात विहिरी पाहून त्यांच्या नाकात सात गावांचा वास भरलेला होता. बौद्धपुऱ्यात शिरले आणि त्यांचा चेहराच उजळला. झाडलेले रस्ते, चुना दिलेल्या भिंती, रांगेत उभी पोरं. विहिरीत डोकावले, पावडरचा वास घेतला, मान डोलावली. खड्ड्यांकडे बोट करून विचारलं, "हे काय केलंय?"

"नाल्याच्या पान्याले वाट करून देली साहेब," जगदेवमामा अदबीनं म्हणाले. "घान साचू नये म्हनून."

"वा! सबंध तालुक्यात अशी वस्ती पाहिली नाही मी. गावविहिरीपेक्षा तुमची विहीर स्वच्छ आहे." साहेबांनी शिपायाला खूण केली. "लिही, पिण्यायोग्य."

शिपायानं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. बायकांमध्ये कुजबुज झाली. सोजरबाईनं पदर सारखा केला आणि ती उगाचच एका पोराच्या डोक्यावरून हात फिरवू लागली, कारण तिचे डोळे भरून आले होते. सरकारनं तिच्या विहिरीला गावविहिरीपेक्षा स्वच्छ म्हटलं होतं. एकवीस वर्षांत असा दिवस आला नव्हता.

इंद्रभान त्या घोळक्याच्या मागे जांभळी काच धरून उभा होता. बोललो नाही तर विहीर राहते. वस्तीची अब्रू राहते, आईचं हे तोंड राहतं. खड्डे पुन्हा भरून दोन महिन्यांत पाणी सुधारताही येईल, गुपचूप. पण ते दोन महिने पोरं हे पाणी पितील, आणि पिताना वर लिहिलेलं असेल पिण्यायोग्य. बोललो तर आजच्या आज फुली. आणि मग बत्तीस घरांच्या बायकांनी घागरी घेऊन जायचं कुठे, तर पाराजवळ. पायऱ्यांखाली.  शिपायानं 'प' काढला होता आणि आता तो वेलांटी गिरवत होता.

"साहेब," इंद्रभान म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "थांबवा. हे पाणी विषारी आहे."

सगळ्यांची तोंडं वळली. त्यानं काच पुढे धरली, आणि मग एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबताच येईना. क्रोम, कारखाना, नाला, जांभळा रंग सगळं सांगितलं. शेवटी जे सांगायचं नव्हतं तेही सांगितलं. खड्ड्यांत औषध कधीच नव्हतं. निळ्या बाटलीत नुसतं रंगाचं पाणी होतं. काम करत होते ते जंतू, त्या काळ्या, घाण मारणाऱ्या गाळातले जंतू.

साहेबांना क्रोमचं फारसं माहीत नव्हतं, पण जांभळी काच त्यांना दिसत होती. त्यांनी कपाळाचा घाम पुसला, इंद्रभानला दोनदा थेंब टाकायला लावून पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मला दुसरा इलाज नाही. नमुना अकोल्याला पाठवतो. तोवर बंद. दौलतसिंगलाही नोटीस काढतो, पण नोटिशीचं तुम्हाला माहीतच आहे." शिपायानं पांढरा डबा बंद केला आणि लाल उघडला.

फळ्या ठोकून जीप निघून गेली, तेव्हा वस्तीचा संताप फुटला.

"काहून बोलला तू?" रुखमाबाई ओरडली. "लिहूनच राह्यले होते ना ते!"

"जंतू!" जगदेवमामा पुढे सरसावले. "आमच्या पान्यावर जंतू सोडले, आन् आमाले म्हने औषध! कालिजात हेच शिकवते काय तुले?"

इंद्रभान मान खाली घालून ऐकत होता. एकेक शब्द त्याला लागत होता आणि एकही खोडून काढता येत नव्हता.  सोजरबाई मात्र लाल फुलीकडे बघत होती. सगळे बोलून थकले तेव्हा ती त्याच्यासमोर आली.

"मले आंधी काहून नाई सांगतलं?"

"माय, तुले... मले वाटलं, तुले समजनार नाई. तू घानीले..."

"दह्याचं इरजन कोन लावते घरात? आंबील कोन आंबवते? मले समजनार नाई?" तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण होतं. "सांगतलं असतं त मी त्या खड्ड्याले झाडू लागू देला नसता. राखन केली असती. पाटील हासले, गाव हासलं, त म्हटलं असतं, हासा. पन तू त मलेच खाली उभं केलं रे. आन् वरून जेवढं वाटलं तेवढं ओतलं."

इंद्रभानला वाटलं, तिनं थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तो तिथंच ढेकळावर बसला. तो एका जागी बसला, हे वस्तीनं पहिल्यांदाच पाहिलं.

"किती दिस लागन पुना?" तिनं विचारलं.

"काढलेला गाळ कुठी हाय?"

"वस्तीमांगच्या खोलग्यात."

"आतून ओला असन त त्यातले जंतू जिते असतीन. तोच परत टाकला त... चाळीस दिस. पक्कं नाई सांगत, माय. नाई बी जमनार."

"हे बरं सांगतलं," सोजरबाई म्हणाली आणि घरात गेली.

त्या दिवशी घराघरांत साठवणीचं पाणी पुरवून वापरलं. वस्तीत दुसरं बोलणं नव्हतं. उद्या कोण जाणार? जगदेवमामा म्हणाले, कायदा आपल्या बाजूनं आहे. रुखमाबाई म्हणाली, कायदा घागर उचलत नाही. कुणाची सून रडत होती. ज्यांचा जन्मच नव्या विहिरीनंतरचा, अशा पोरींना तर पायऱ्यांखाली उभं राहायचं म्हणजे काय करायचं हेच ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ते शिकवायला कुठल्याच आईची जीभ रेटेना.

सकाळी सोजरबाईनं दोर, बादली आणि दोन घागरी घेतल्या.

"सगळ्यायच्या घागरी माझ्या दारी आनून ठेवा," तिनं बायकांना सांगितलं. "मी आनतो पानी. माझ्यावाचून कोनी जायाचं नाई तिकडे. एकही पोरगी नाई."

"मी येतो संगं," इंद्रभान उठला.

"तू खड्ड्यात उतर."

तो उतरला नाही. तिच्या मागे वीस पावलांवरून गेला, वेशीत थबकला. पारावर माणसं बसली होती. विहिरीवर उकंडराव पाटलांच्या दुर्गाबाई आणि चार बायका पाणी भरत होत्या. सोजरबाई आली तसं बोलणं बंद पडलं. दुर्गाबाई बावरल्या, मग सवयीनं त्यांनी भरलेली बादली उचलली आणि ओतायला पायऱ्यांकडे वाकल्या. "आन सोजरबाई, धर."

सोजरबाई पायऱ्यांखाली थांबली नाही. एकेक पायरी चढून वर आली, घागरी कठड्यावर ठेवल्या आणि आपला दोर आपल्या बादलीला बांधू लागली. गाठ दोनदा सुटली. एका बाईनं आपली घागर चटकन बाजूला घेतली. पारावर कुणीतरी खाकरलं. दुर्गाबाई हातात बादली तशीच धरून उभ्या राहिल्या, आणि त्यांना पुढे काय करावं हे सुचलं नाही, म्हणून त्यांनी काहीच केलं नाही. तिसऱ्यांदा गाठ बसली. बादली खाली गेली. पाण्यावर आपटल्याचा आवाज वेशीपर्यंत आला.

इंद्रभान वळला आणि पळत सुटला. खोलग्यातला गाळ वरून वाळून भेगाळला होता. त्यानं हातांनीच वरची खपली फोडली. आत हात कोपरापर्यंत गेला. गाळ थंड होता, ओला, काळा, आणि त्याचा तोच भयंकर वास आला. तो टोपल्या भरत सुटला. दुसऱ्या फेरीला रुखमाबाई टोपली घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली. तिसऱ्या फेरीला जगदेवमामा आले, त्यांनी धोतर खोचलं आणि विचारलं, "हे तुयं जनावर थंडाव्यात ठेवाचं का उन्हात?"

सूर्य डोक्यावर आला तेव्हा सोजरबाईची अकरावी खेप चालू होती. अंगावरचं लुगडं ओलं, खांदा लाल झालेला. गुडघाभर शेण-गाळ तुडवत असलेल्या मुलापुढे ती काठावर थांबली. त्यानं घागर घ्यायला हात वर केले, पण ते कोपरापर्यंत काळे होते, म्हणून त्यानं ते मागे घेतले.

"त्यायनं काही म्हटलं काय, माय?"

"नाई." तिनं श्वास घेतला. "घागरी मांगं घेतल्या. दुर्गाबाईनं नाई घेतली." मग ती खाली वाकली, हात खड्ड्यात घातला, मूठभर गाळ उचलून नाकाशी धरला. पदर नाकाला लावला नाही. गाळ तिनं काळजीपूर्वक त्याच जागी परत ठेवला आणि हात लुगड्याला पुसला.

"चाळीस म्हनला ना तू?" ती घागर सावरत म्हणाली. "एक झाला."